डॉक्टर सांगतील

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाची सरप्राइज पार्टी मीच ठरवली आणि चार दिवस आधी मीच त्याला सांगून मोकळी झाले. अशा बाईच्या वाट्याला नोकरी आली ती गप्प बसण्याची. मी सोनोग्राफी टेक्निशियन आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या पोटावर, मानेवर, गुडघ्यावर जेल लावून प्रोब फिरवते. आतलं सगळं मला पडद्यावर लख्ख दिसतं आणि त्यातलं एक अक्षरही बोलायची मला परवानगी नाही. फोटो काढायचे, मापं घ्यायची, पलीकडच्या खोलीत बसलेल्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवायची. पेशंटनं काही विचारलंच तर एकच वाक्य म्हणायचं, ‘डॉक्टर सांगतील.’

नियम काही उगाच केलेला नाही. मला दिसतं ते बरोबरच असेल असं नाही, आणि माझ्या एका शब्दानं एखाद्याची आठ दिवस झोप उडू शकते. शिकत असताना आम्हाला चेहरा कोरा ठेवायचाही सराव करायला लावत. मी वर्गात सगळ्यात ढ. भुवई हलायची, ओठ मुडपायचे. आता बारा वर्षांनी मात्र चेहरा असा तयार झालाय की मशीनवर काहीही दिसो, माझ्याकडे बघून कुणाला वाटेल ही बाई भाजीची यादी आठवतेय. मला त्याचा चांगलाच अभिमान होता.

आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहतो आणि माझं क्लिनिक तिथून वर, एव्हरेट गावाच्या बाजूला आहे. त्या भागात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून आलेली बरीच कुटुंबं आहेत. पहिली दोन वर्षं मी त्यांना सरसकट हवाईचे समजत होते. मला कुणी बांगलादेशी म्हटलं की मी फणकारते, आणि स्वतः मात्र हे केलं.

एका मंगळवारी सकाळी त्यांच्यातली एक आजी आली. सोबत नात, नातीच्या कडेवर वर्षाच्या आतली तान्ही, दोन मुलगे, एक सून आणि ती कोण हे मला शेवटपर्यंत न कळलेली एक बाई. आजी ठेंगणी, रुंद, मोठ्या फुलांचा झगा घातलेली, अंबाड्यात शिंपल्यांची पिन. सगळे तिला ‘बुबू’ म्हणत होते. त्यांच्या भाषेत बुबू म्हणजे आजी. फोनवरून जो दुभाषा जोडून देतात तो त्या दिवशी मिळेना, म्हणून बुबूनं नातीलाच बोलायला सांगितलं. गिळताना मानेत काहीतरी वरखाली होतं, म्हणून तिच्या डॉक्टरांनी थायरॉइडची सोनोग्राफी लिहून दिली होती. ती सांगूनही बुबू वर्षभर आली नव्हती. नातीनं कसंबसं आणलं होतं.

मी बाकीच्यांना बाहेर बसवलं, कारण खोलीत एकाच नातेवाइकाची सोय असते. ही माझी पहिली चूक. बुबू आडवी झाली, मी जेल लावलं, प्रोब ठेवला. डावीकडे ठीक होतं. उजवीकडे गेले आणि थांबले. मापं घेतली. चेहरा कोरा.

बुबूनं माझ्याकडे बघत काहीतरी विचारलं. नात म्हणाली, “शी इज आस्किंग, काय दिसतंय?”

“डॉक्टर सांगतील,” मी म्हणाले. गोड आवाजात म्हणाले, हेही सांगते.

नातीनं ते वाक्य तिच्या भाषेत सांगितलं. बुबू उठून बसली. झग्याचं टोक धरून तिनं मानेवरचं जेल पुसलं, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेली. तपासणी अर्धीच झाली होती. मी दारात हातात टिश्यू घेऊन उभी.

मला राग आला, हे कबूल करते. पुढचे पेशंट खोळंबले होते. मी कॉम्प्युटरवर ‘पेशंटनं नकार दिला’ या रकान्यात खूण केली. तो रकाना भरला की क्लिनिकचं काम संपतं. मग त्यांची खोलीत राहिलेली औषधांची यादी द्यायच्या निमित्तानं मी पार्किंगपर्यंत गेले. गाडीत बुबू पुढच्या सीटवर सरळ समोर बघत बसली होती. नात बाहेर, कडेवरच्या मुलीला झुलवत. तिनं मला सांगितलं.

बुबू पाच-सहा वर्षांची होती तेव्हा त्यांच्या बेटापासून लांब समुद्रात अमेरिकेनं अणुबॉम्ब फोडून पाहिला. दुपारी आकाशातून पांढरी भुकटी पडली. पोरांनी कधी बर्फ पाहिला नव्हता. ती त्या भुकटीत खेळली, एकमेकांच्या केसांना चोळली, काहींनी चाखून पाहिली. रात्री उलट्या, मग केस गेले, कातडी भाजली. दोन दिवसांनी त्यांना बोटीत घालून नेलं. त्यानंतर दर वर्षी जहाजातून डॉक्टर यायचे. बुबूच्या गळ्यात नंबराची पाटी अडकवून फोटो काढायचे, रक्त घ्यायचे, मान दाबून बघायचे. तिच्या थोरल्या बहिणीची मान कापून काहीतरी काढून नेलं. काय काढलं, का काढलं, कुणी सांगितलं नाही. विचारलं की जो समोर असेल तो म्हणायचा, डॉक्टर सांगतील. मग जहाज निघून जायचं. कागद जहाजात.

“तिला वाटतं, ते आम्हाला बरं करायला येत नव्हते. बघायला येत होते,” नात म्हणाली. मग एकदम आठवल्यासारखं तिनं बॅगेतून एक रंगीत कागद काढून मला दिला. तान्हीचा पहिला वाढदिवस होता, शनिवारी, हायस्कूलच्या जिममध्ये. “तुम्ही या. सगळ्यांनी या. आमच्याकडे पहिल्या वाढदिवसाला कुणालाही बोलावतात.”

क्लिनिकात परत आल्यावर दिवसभर माझं कामात लक्ष लागेना. मला वाईट वाटत होतं, आणि लाजही वाटत होती. कारण असल्या गोष्टी मला नव्या नव्हत्या. नागपूरला आमच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात आई लहान असताना कंपाउंडर गोळ्या वरून टाकायचा. पोरांनी ओंजळ धरायची, तो वीतभर उंचीवरून गोळी सोडायचा, बोट लागू नये म्हणून. एखादी खाली पडली तर मातीतून उचलून घ्यायची. आई अजूनही नव्या डॉक्टरकडे गेली की आधी त्याचे हात बघते. हे ऐकत मी वाढले, आणि दुसऱ्या कुणाच्या आजीला मीच वरून गोळी टाकून मोकळी झाले.

आई त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. पेशंटबद्दल घरी एक शब्दही बोलायचा नाही, हा दुसरा नियम. तो मी पाळला. ‘कामावरच्या ओळखीच्यांकडे वाढदिवस आहे’ एवढंच सांगितलं. नवऱ्याला शनिवारी क्रिकेट बघायचं होतं. “अगं, कॅन्सल कर ना यार, आपण कुणाला ओळखतो तिथे?” असं तो म्हणत राहिला. आईनं मात्र पैठणी काढली. वाढदिवस म्हटल्यावर ती मागे हटणारी नाही.

जिममध्ये शिरलो आणि मी, नवरा, मुलगी, आई, आम्ही चौघंही दारातच थबकलो. तीनशे तरी माणसं असतील. बास्केटबॉलच्या रिंगला फुगे, मधोमध चटयांच्या ढिगावर तान्ही उत्सवमूर्ती, डोक्यावर फुलांचा मुकुट, आणि चेहऱ्यावर ‘हे काय चाललंय’ असा प्रश्न. एकेका कुटुंबाचा गट एकाच छापाचं कापड घालून रांगेनं नाचत येत होता, गात होता, टोपलीतून गोळ्या-चॉकलेटं उधळत होता. म्हातारेसुद्धा ती वेचायला वाकत होते. आमच्या डोक्यावरही कुणीतरी फुलांचे मुकुट ठेवले. नवऱ्याला तो फारच शोभला, आणि तो क्रिकेट विसरला. नात सांगत होती, पूर्वी बेटांवर मुलं वर्षाची होईपर्यंत जगतील याचा भरवसा नसायचा, म्हणून वर्ष पार पडलं की अख्खं गाव जेवतं. भुकटी पडल्यानंतरच्या वर्षांत तर हा सण फार जपला गेला. एवढं सांगून ती नाचायला पळाली.

मग जेवण आलं. मुलींनी हातात मोठाली ताटं आणली. भाजलेला मासा, नीरफणस, कोंबडी, ओल्या खोबऱ्यात घोळवलेले भाताचे गोळे. पहिलं ताट आईसमोर आलं. आई संकोचानं हसून म्हणाली, “नको नको.” मीही म्हणाले, “नको नको.” नवरा पुण्याचा, तो तर हात आडवा धरूनच म्हणाला. मुलीनं मान डोलावली आणि ताटं शेजारच्या रांगेत देऊन टाकली.

आम्ही वाट बघत बसलो. दुसऱ्यांदा विचारायला कुणी आलंच नाही.

“काहून गं,” आई हळूच म्हणाली, “हे लोक आग्रह नाही करत का?”

“आजी, यू सेड नो,” माझी मुलगी म्हणाली. तिनं पहिल्याच फटक्यात ताट घेतलं होतं आणि ती मासा खात होती. आम्ही तिघं तिच्या ताटाकडे बघत होतो.

तेवढ्यात बुबूनं आम्हाला पाहिलं. मला वाटलं, ती तोंड फिरवेल. पण घरच्या कार्याला आलेला पाहुणा रिकाम्या हातानं बसलेला बघून तिला राहवेना. ती तरातरा आली, दोन ताटं हिसकावून आणली, एक आईच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून स्वतःच्या हातानं आईला खोबऱ्याचा गोळा भरवला. आईनं लगेच तिलाही एक भरवला. पुढचा तास त्या दोघी बोलत होत्या, एक तिच्या भाषेत, एक नागपुरीत. बांगड्या दाखवून झाल्या, शिंपल्यांची पिन दाखवून झाली, गुडघे दुखतात हे दोघींनी दाबून दाखवलं. मी शेजारी बसून चेहरा कोरा ठेवला होता. ही बाई माझी पेशंट आहे हे आईला कळता कामा नये.

आईनं तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिलीचे वर्ग सांभाळले. कुठल्या पोराला गालगुंड येतंय हे तिला बाकांमधून चालताना कळायचं. बुबू घास गिळत असताना आईची नजर तिच्या मानेवर थांबली. काय होतंय हे मला कळायच्या आत आईनं हात पुढे केला, बुबूच्या मानेवर दोन बोटं ठेवली, उजवीकडे सरकवली आणि माझ्याकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, “अगं, हिला गाठ आहे ना इथं! चांगली सुपारीएवढी. दाखवली का हिनं कुठं?”

नात धावत आली. बुबू आईचं बोट मानेवर तसंच धरून नातीला काहीतरी विचारत होती.

“शी वॉन्ट्स टु नो,” नात मला म्हणाली, “तुमच्या आई काय म्हणाल्या?”

आता काय करावं? मी टेक्निशियन म्हणून काही सांगत नव्हते. माझी आई काय म्हणाली ते सांगत होते. असा विचार मी त्या क्षणी केला असं नंतर नवऱ्याला सांगितलं. खरं तर विचार वगैरे काही केला नाही. मी म्हणाले, “ती म्हणते, तुम्हाला गाठ आहे. सुपारीएवढी.” सुपारी म्हणजे केवढी, ते बोटांनी दाखवलं.

बुबू हसायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आईच्या मांडीवर थापट्या मारत हसली. नात भाषांतर करता करता स्वतःच हसत होती. “बुबू म्हणते, तुमच्याकडे एवढं मोठं मशीन, तरी तुम्हाला सांगता आलं नाही. या बाईनं जेवता जेवता सांगितलं!”

मीही हसले. फार बरं वाटलं. मग मी नातीला म्हणाले, “त्यांना विचारा, काय केलं तर त्या परत येतील?” ‘या’ असं म्हणाले नाही. आग्रह हा आमच्याकडे प्रेमाचा प्रकार असला, तरी या बाईच्या मानेवर आजवर पुष्कळ जणांनी तिला न विचारता हात घातला होता.

बुबूनं जराही विचार केला नाही. सत्तर वर्षं तिला उत्तर पाठ असावं. जे दिसेल ते तिथेच, त्याच वेळी, तिच्या तोंडावर सांगायचं. तिच्या माणसांसमोर. फोटो तिला द्यायचे. आणि ही पैठणीवाली बाई सोबत हवी, कारण तिला खोटं बोलता येत नाही.

सोमवारी मी रेडिओलॉजिस्टच्या खोलीत गेले. हे डॉक्टर उंच, अबोल, निवृत्तीला टेकलेले. चार पडद्यांसमोर बसून ते दिवसाला शेकडो लोकांच्या आत बघतात, पण लोक त्यांना भेटत नाहीत. मी सगळं सांगितलं. वाढदिवसाला गेले होते हेही सांगितलं, आणि बोलणी खायची तयारी ठेवली. “मी खोलीत जाऊन पेशंटशी बोललो त्याला किती वर्षं झाली असतील,” असं काहीतरी ते पुटपुटले. मग म्हणाले, “दिवसातली शेवटची वेळ द्या. घाई नको.”

गुरुवारी बुबू आली. या वेळी मी कुणालाच बाहेर बसवलं नाही. खोलीत आम्ही अकरा माणसं होतो, तान्ही धरून. आई पायथ्याशी स्टुलावर. डॉक्टर आत आले आणि एवढी गर्दी बघून एक पाऊल मागे गेले, मग भिंतीला पाठ घासत मशीनपाशी पोचले. मी पडदा बुबूकडे वळवला. प्रोब फिरवत होते मी, बोलत होते डॉक्टर, आणि नात एकेक वाक्य तिच्या भाषेत सांगत होती. ही श्वासनलिका. ही रक्तवाहिनी, बघा कशी उडते. ही डावी बाजू, चांगली आहे. प्रत्येक वेळी बुबू भुवया उंचावत होती. त्यांच्याकडे ‘हो’ असं म्हणतात. डॉक्टरांना वाटलं तिला आश्चर्य वाटतंय, म्हणून ते तेच पुन्हा समजावत. मी त्यांच्या कानात सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मग उजवी बाजू आली. डॉक्टर थांबले.

“स्पष्ट सांगा वो, डॉक्टर साहेब,” आई मागून मराठीत म्हणाली. भाषांतराची गरज पडली नाही.

“ही गाठ आहे,” डॉक्टर म्हणाले. “तिच्या कडा मला आवडलेल्या नाहीत. आतले हे पांढरे ठिपके बघा. हा कॅन्सर असण्याची शक्यता बरीच आहे. सुई घालून नमुना घ्यावा लागेल, आणि बहुतेक ऑपरेशन. लवकर केलं तर तुम्ही बऱ्या व्हाल असं मला वाटतं. खात्री आज देता येत नाही.”

नातीनं एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. एक मुलगा डोळे पुसायला लागला. बुबू पडद्याकडे बघत होती. तिनं बोट उचलून गाठीच्या कडेवरून काचेवर गोल फिरवलं, एकदा, दोनदा. मग डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांचे आभार मानले. कॅन्सर असेल असं सांगितल्याबद्दल कुणी इतक्या मनापासून आभार मानताना मी पाहिलं नव्हतं. डॉक्टर खाली बघत होते. माझा बारा वर्षांचा कोरा चेहरा केव्हाच गळून पडला होता. मी हमसून रडत होते.

तिनं नातीकडून वही काढवली. गाठ किती मोठी, कुठल्या बाजूला, सुई किती लांब, कोण घालणार, काय दुखेल, उत्तर कधी, कोण सांगणार, सगळं लिहून घेतलं. चाळीस मिनिटं लागली. फोटो छापून दिले. पुढे सुईचं उत्तर आलं तेव्हाही तिनं फोनवर ऐकायला नकार दिला. डॉक्टरांनी पुन्हा खोलीत येऊन, सगळ्यांसमोर सांगितलं. कॅन्सर होता. वेळेवर सापडला होता. आई भारतात परतायच्या आधी बुबूला ऑपरेशनची तारीख मिळाली. आईनं जाताना बुबूला हिरव्या बांगड्या भरल्या, आणि माझ्याकडून वचन घेतलं की ऑपरेशनच्या सकाळी मी जाईन.

गेले. रजा काढून गेले. ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत बुबू कागदी गाऊन घालून बसली होती, बांगड्या काढून ठेवल्याबद्दल नर्सवर रुसलेली. कुटुंब पडद्यापलीकडे मांडी घालून बसलेलं. नर्स तरुण होती, घाईत होती. आत नेण्याआधी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारायचाच असतो, चुकीचं ऑपरेशन होऊ नये म्हणून. लोक कंटाळून दोन शब्दांत उत्तर देतात. नर्सनंही कागदावरून मान वर न करता विचारलं, “आज आम्ही तुमचं काय करणार आहोत, तुम्हाला माहीत आहे का?”

नातीनं सांगितलं. बुबू ताठ बसली. मानेच्या उजव्या बाजूला हात ठेवला आणि बोलायला लागली.

भुकटीपासून सुरुवात केली. बहिणीचं सांगितलं. मग गाठीवर आली. केवढी, कुठे, कडा कशा, ठिपके किती, सुईत काय निघालं, कुठला भाग काढणार, कुठला ठेवणार, नंतर कुठली गोळी किती वर्षं घ्यायची. नर्सनं कागद खाली ठेवला. बुबू न थांबता बोलत होती, मोठ्या आवाजात, हसत, आणि नात मागून धावल्यासारखी भाषांतर करत होती. बाहेरचे वॉर्डबॉय दारात थांबले. दहा मिनिटं तरी झाली असतील.

मग बुबू थांबली, श्वास घेतला आणि नर्सला विचारलं, “काही राहिलं का?”

नर्सनं कागद उचलला, वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सगळं सांगितलंत.”